पोलीस शिपायाचे निवृत्तिवेतन आणि कायदेमंडळाचे कर्तव्य

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी नोकर आणि शिक्षक ह्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप पुकारला व २० मार्च रोजी तो मागे घेतला. त्या महिन्यात आमच्या करवीर नगरीत जे घडले ते वाचकांच्या स्मरणातून गेले नसेल. मागणीच्या बाजूने मोर्चा निघाला. आणि ज्यांस नोकरीच नाही अशा तरुणांचा, त्या मागणीस विरोध करणारा मोर्चाही ह्याच शहरात निघाला. दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे घसा फोडून सांगितले, आणि लोकशाहीत ते तसेच सांगावयाचे असते. परंतु अशा प्रत्येक मोर्च्याच्या कडेला एक तिसरा वर्ग उभा असतो. त्याच्या हातात काठी असते आणि तोंडाला कायद्याचे कुलूप असते. त्या वर्गातील जो शिपाई १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर चाकरीस लागला, त्याच्या स्वत:च्या म्हातारपणाचा प्रश्न त्याच्यासमोरून घोषणा देत जात होता. आणि त्याचे काम एवढेच की, मोर्च्याने रहदारी अडवू नये हे पाहावे.

मधल्या काळात सरकारने ह्या बाबतीत पुष्कळ काही दिले आहे, हे प्रारंभीच मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. पण जे दिले ते कोणत्या कागदावर दिले, आणि उद्या काढून घ्यावयाचे झाल्यास कोणाला विचारावे लागेल, ह्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आमच्या मते सगळ्या वादाचे मर्म तेथे आहे.

ज्या वाचकांचा सरकारी चाकरीशी संबंध नाही, त्यांच्यासाठी पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. २००५ पर्यंत महाराष्ट्रातील पोलीस शिपायास इतर सरकारी नोकरांप्रमाणेच महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू होते. पूर्ण सेवा करून घरी बसणाऱ्यास शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता, आणि त्याच्यामागे त्याच्या विधवेस कुटुंबनिवृत्तिवेतन, असा त्यांचा सारांश होता. त्यासाठी शिपायाच्या पगारातून काही कापले जात नसे. सारा भार तिजोरीवर. मध्यवर्ती सरकारने १ जानेवारी २००४ पासून आपल्या नव्या नोकरांसाठी ही पद्धत बंद केली. त्यातून सैन्यदले मात्र वगळली. महाराष्ट्र सरकारने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी शासन निर्णय काढून दुसऱ्याच दिवसापासून तोच मार्ग धरला. ह्यापुढे नोकराने पगाराचा व महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा द्यावा, सरकारने तेवढीच भर घालावी, आणि जे साठेल त्यावर म्हातारपण काढावे, अशी ही अंशदानाची योजना होय. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मिळविण्यात आली व सरकारचा वाटा १४ टक्के झाला. निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत रोख हाती येते आणि निदान ४० टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावी लागते. ती वार्षिकी किती मिळेल हे त्या दिवशीच्या व्याजाच्या व बाजाराच्या भावावर ठरते.

आमच्या व्यापारी वाचकांस ह्यातील भेद समजावयास वेळ लागणार नाही. पहिली पद्धत म्हणजे मुदतीची हुंडी. रक्कम ठरलेली, देणारा ठरलेला. दुसरी म्हणजे भागीदारी. नफा झाला तर वाटून, तोटा झाला तर तुमचा तुम्ही. दोन्ही व्यवहार प्रामाणिक असू शकतात. परंतु हुंडी लिहून घेणारास भागीदार करावयाचे असेल तर त्याची संमती निदान विचारली पाहिजे, हा पेठेतला साधा न्याय आहे. ह्यावर सरकारचे उत्तर असे की, २००५ नंतर आलेल्यास ती अट मान्य करूनच तो आला. उत्तर कायद्याने बरोबर आहे. मात्र अठरा-वीस वर्षांचा, शेतीचा तुकडा भावांत वाटला गेलेला, पहाटे उठून रंकाळ्याच्या काठी धावण्याचा सराव करणारा पोर भरतीच्या मैदानावर उतरतो तेव्हा तो वार्षिकीच्या भावाचा विचार करून उतरतो, असे म्हणणारास व्यवहार कळतो असे आम्ही म्हणणार नाही.

आता विधवेची गोष्ट. नव्या योजनेत सर्वांत मोठे छिद्र होते ते येथे. जुन्या नियमांखाली चाकरीत असता शिपाई मेला तर त्याच्या बायकोमुलांस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळे. काही वर्षे वाढीव दराने व पुढे वेतनाच्या ३० टक्के दराने. अंशदान योजनेत ही तरतूदच उरली नाही. नऊ-दहा वर्षांच्या चाकरीत त्याच्या खात्यावर जे साठले असेल तेवढेच त्या घराचे भांडवल. कोणी शिपाई २००७ साली भरती झाला आणि २०१६ साली रात्रीच्या नाकाबंदीत वाहनाखाली सापडून गेला अशी कल्पना करा. त्याच ठाण्यातला, २००४ साली भरती झालेला त्याचा सोबती त्याच रात्री तसाच गेला, तर त्याच्या घरी दरमहा रक्कम येणार. ह्याच्या घरी येणार नाही. दोघांची टोपी एक, काठी एक, मरण एक. फरक काय तो भरतीच्या तारखेचा. २०१८ च्या सप्टेंबरात सरकारने दहा वर्षांच्या आत मृत्यू पावणाऱ्या अशा नोकराच्या कुटुंबास १० लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरविले. ‘सानुग्रह’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचा अर्थ कृपा करून दिलेले. कुटुंबनिवृत्तिवेतन व उपदान ह्या दोन गोष्टी पुन्हा लागू झाल्या त्या संपानंतर, ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने. म्हणजे १७ वर्षांहून अधिक काळ हे छिद्र उघडे होते. करोनाच्या साथीत राज्यातील शेकडो पोलीस मृत्युमुखी पडले तेही ह्याच काळात. त्या वेळी खास आज्ञेने विशेष साहाय्य जाहीर करावे लागले. मूळ व्यवस्था पुरी असती तर एवढ्या खास आज्ञा काढण्याची पाळी आली नसती.

संपानंतर जे घडत गेले त्याची गती पाहण्यासारखी आहे. ज्या जागांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली पण नेमणूक नंतर झाली अशा सुमारे २६ हजार नोकरांस जुन्या पेन्शनचा पर्याय द्यावा, असे जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरविले. १ मार्च २०२४ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांनी विधानसभेत सुधारित योजना जाहीर केली. तीत शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम व महागाई भत्ता देण्याचे आश्वासन आहे. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यवर्ती मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. तीत २५ वर्षे सेवा करणारास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, दहा वर्षांच्या सेवेस निदान १० हजार रुपये, आणि मृत्यूनंतर कुटुंबास त्याच्या ६० टक्के, अशी हमी आहे. अठरा वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते अठरा महिन्यांत शक्य झाले. ह्याबद्दल सरकारचे अभिनंदन करावे, की अठरा वर्षे ते अशक्य का होते असे विचारावे, हे वाचकांनीच ठरवावे.

परंतु ह्या साऱ्या साखळीत एक गोष्ट कोठेही आढळत नाही, ती म्हणजे कायदेमंडळाने चर्चा करून, कलमवार मते घेऊन मंजूर केलेला कायदा. २००५ साली जे गेले ते शासन निर्णयाने गेले. २०२३ व २०२४ साली जे आले ते शासन निर्णयाने व मंत्रिमंडळाच्या ठरावाने आले. मध्यवर्ती सरकारची तऱ्हाही निराळी नव्हती. नवी योजना २००४ साली सुरू झाली आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा कायदा संसदेने २०१३ साली केला. आधी घर भाड्याने दिले आणि नऊ वर्षांनी भाडेचिठ्ठी लिहिली, असाच तो प्रकार. पोलीस हा विषय आणि राज्याच्या तिजोरीतून द्यावयाची निवृत्तिवेतने हा विषय, हे दोन्ही घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत आहेत. तेव्हा असा कायदा करण्याचा अधिकार मुंबईस नाही, दिल्लीस आहे, ही सबब चालणारी नाही.

कायदा आणि ठराव ह्यांत सामान्य माणसाच्या दृष्टीने फरक तो काय, असे कोणी विचारील. फरक असा की, ठराव सचिवालयातल्या एका टेबलावर लिहिला जातो व दुसऱ्या टेबलावर पुसला जातो. कायदा पुसावयाचा तर भर सभेत, नाव सांगून, हात वर करून पुसावा लागतो. इतर नोकरांपुरता हा फरक थोडा कमी महत्त्वाचा आहे, कारण ठराव पुसला तर संप करण्याचे, मोर्चा काढण्याचे, वर्तमानपत्रांकडे जाण्याचे मार्ग त्यांस मोकळे आहेत. पोलीस शिपायास ते मार्ग नाहीत. घटनेच्या ३३ व्या कलमाने दिलेल्या अधिकारान्वये संसदेने १९६६ साली पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा केला. त्यान्वये सरकारच्या स्पष्ट मंजुरीवाचून शिपायास कोणत्याही कामगार संघटनेत जाता येत नाही. अशा हेतूने भरलेल्या सभेत बोलता येत नाही, निदर्शनात भाग घेता येत नाही. वर्तमानपत्राशी बोलावयाचे तर कर्तव्यापुरते किंवा परवानगीने. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याच्या २८ व्या कलमाने पोलीस अधिकारी हा सदैव कामावर आहे असे मानले जाते. सदैव हा शब्द कायद्याचा आहे, आमचा नव्हे. गणपतीच्या मिरवणुकीत वा जोतिबाच्या चैत्र यात्रेत त्याचा अर्थ काय होतो हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको.

ह्या निर्बंधांच्या विरुद्ध आम्ही लिहीत नाही. हातात शस्त्र असलेल्या दलाने संप करू नये ह्या मताचेच आम्ही आहोत. महाराष्ट्रात १९८२ साली पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, आणि १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत शिपायांचा जो उद्रेक झाला, लूट व जाळपोळ झाली, लष्कर व सीमा सुरक्षा दल बोलावावे लागले, तो प्रसंग पुन्हा यावा असे कोणीही सुबुद्ध माणूस इच्छिणार नाही. पण ज्याचे तोंड आपण कायद्याने बांधतो त्याचे पोट ठरावावर सोडावयाचे, हा सौदा एकतर्फी आहे. तोंड जर कायद्याने बांधले, तर पोटही कायद्यानेच भरावयास हवे.

इंग्लंडचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथेही एके काळी शिपायाचे पेन्शन वरिष्ठांच्या मर्जीवर असे. १८९० साली पार्लमेंटाने कायदा केला आणि २५ वर्षे सेवा करणारास पेन्शन हा हक्क म्हणून दिला. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला. त्या संपाने शिपायांच्या विधवांच्या पेन्शनचा प्रश्न सुटला. १९१९ साली पुन्हा संप झाला तेव्हा मात्र संपवाले बडतर्फ झाले आणि नव्या कायद्याने पोलिसांस कामगार संघटनेत जाण्याची बंदी झाली. पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन नावाची एक अधिकृत प्रतिनिधी-संस्था निर्माण केली आणि पगारही वाढविले. म्हणजे बंदी घालताना बदला दिला, आणि देणे-घेणे दोन्ही एकाच कायद्यात लिहिले. आमच्याकडे १९६६ साली बंदी तेवढी आली. बदला यावयाचा राहिला.

निवृत्तिवेतन म्हणजे मेहेरबानी ही कल्पना आमच्या कायद्यात फार जुनी आहे. १८७१ चा पेन्शन कायदा पाहा. त्याच्या चौथ्या कलमाने सरकारने दिलेल्या पेन्शनसंबंधी दिवाणी दावा चालविण्यास न्यायालयांना मनाई केली. देणारा धनी, घेणारा आश्रित. आश्रिताने धन्यावर फिर्याद कशी करावी, हा त्यातला विचार. त्याच कायद्याने पेन्शनवर सावकाराची जप्ती येणार नाही असेही ठरविले, हे मात्र चांगले झाले. उधारी देणाऱ्या आमच्या दुकानदारांस ते कलम कडू लागत असले तरी. हा आश्रिताचा विचार मोडून काढला तो सर्वोच्च न्यायालयाने. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने असा निर्णय दिला की, पेन्शन ही कृपा नसून केलेल्या सेवेचा मागाहून मिळणारा मोबदला आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून एकाच वर्गातील पेन्शनरांत मनमानी भेद करता येणार नाही. पुढे २०१३ साली झारखंडच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने पेन्शन ही मालमत्ता आहे व कायद्याच्या आधारावाचून, केवळ प्रशासकीय सूचनेने, ती अडवून धरता येणार नाही असे सांगितले.

आणि तरीही मार्च २०२५ मध्ये संसदेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. वित्त विधेयकाच्या पोटात एक प्रकरण घालून मध्यवर्ती सरकारने आपल्या पेन्शनरांत भेद करण्याचा, आणि तोही निवृत्तीच्या तारखेवरून करण्याचा अधिकार स्वत:कडे असल्याचे कायद्याने ठरवून घेतले. तेही १ जून १९७२ पासून, पूर्वलक्षी प्रभावाने. हा कायदा मध्यवर्ती नोकरांपुरता आहे, आमच्या शिपायास तो लागत नाही. परंतु सरकारला स्वत:ची सोय पाहिजे असली म्हणजे कायदा किती तातडीने होतो, हे त्यावरून कळते. नोकराच्या सोयीसाठी मात्र ठराव पुरतो.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची ती स्वत:ची बाजू आहे, हे आम्ही जाणून आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी सांगितले होते की, जुनी पेन्शन दिल्यास राज्यावर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल. हा पैसा आकाशातून पडत नाही. तो शाहूपुरीतील गुळाच्या अडत्याच्या, लक्ष्मीपुरीतील धान्यवाल्याच्या आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. ज्या दुकानदारास स्वत:ला कोणी पेन्शन देत नाही, ज्याच्या दिवाणजीलाही ती नाही, त्याने दुसऱ्याच्या पेन्शनसाठी कर का भरावा? बेकार तरुणांच्या मोर्च्याचा प्रश्न ह्याहूनही टोकदार होता: नोकरी मिळालेल्यास आयुष्यभर, आणि आम्हास एक दिवसही नाही, हा कोणता न्याय? ह्या प्रश्नांस केवळ सहानुभूतीने उत्तर देता येत नाही.

आमचे उत्तर असे की, सर्वच सरकारी नोकरांस जुनी पेन्शन जशीच्या तशी परत द्या असे आम्ही म्हणत नाही. विनानिधीची हमी किती पोकळ असते ह्याचा दाखला अमेरिकेतील डॅलस शहराने २०१६ साली दिला. तेथील पोलीस व अग्निशामक दलाच्या पेन्शन फंडाने भरमसाट परताव्याची वचने दिली, जमिनी-इमारतींच्या धाडसी व्यवहारांत पैसा घातला, आणि फंड बुडत असल्याची हूल उठताच शिपाई व बंबवाले आपापल्या ठेवी काढण्यासाठी धावले. २०१७ साली टेक्सासच्या कायदेमंडळास मध्ये पडून नवा कायदा करावा लागला. त्यात वचने आखडती घ्यावी लागली आणि शहराचा व नोकरांचा वाटा वाढवावा लागला. हुंडी लिहिणे सोपे, वटविणे कठीण. पण हे उदाहरणही आमच्याच म्हणण्यास बळकटी आणते. वचन कायद्यात असले म्हणजे ते पाळावयास पैसा किती लागेल हेही सभागृहापुढे मांडावे लागते. एकीकृत योजनेत मध्यवर्ती सरकारने आपला वाटा १८.५ टक्के ठरविला. आकडा बरोबर असो वा चूक, तो निदान सांगितला. महाराष्ट्राच्या सुधारित योजनेखाली दरसाल किती रक्कम वेगळी काढून ठेवावयाची, ही रक्कम कायद्याच्या कलमात लिहिली गेली तर करदात्या व्यापाऱ्यासही आपण काय देणार ते कळेल, आणि निवडणुकीच्या तोंडावर हमी वाढविणाऱ्या प्रत्येक मंत्र्यास तिचा खर्चही त्याच श्वासात सांगावा लागेल. ठरावाने दिलेले वचन शिपायास जितके असुरक्षित, तितकेच ते करदात्यास महाग.

राहिला पोलिसच वेगळे का, हा प्रश्न. त्याचे एक उत्तर वर आलेच आहे. दुसरे उत्तर शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावात जाऊन पाहावे. ह्या जिल्ह्यात घरटी शिपाईगिरीची परंपरा असलेली गावे आहेत. एकाच घरातला थोरला भाऊ पलटणीत गेला, त्यास जुनी पेन्शन आहे. धाकटा पोलिसात गेला, त्यास नाही. सीमेवर गोळी खाणारा तो सैनिक, आणि दंगलीत दगड खाणारा तो केवळ नागरी नोकर! सैन्यदले नव्या योजनेतून वगळण्यामागचे कारण जर असे असेल की शिस्तीने बांधलेल्या व जीव धोक्यात घालणाऱ्या माणसास बाजाराच्या चढउतारावर सोडू नये, तर ते कारण छावणीच्या फाटकापाशी संपते असे का मानावे, हे आम्हास उमगत नाही.

आणि ज्यांनी हा कायदा करावयाचा त्यांची स्वत:ची व्यवस्था काय आहे? महाराष्ट्र विधानमंडळाच्या सदस्यांच्या निवृत्तिवेतनाचा अधिनियम १९७६ चा आहे. ते निवृत्तिवेतन शासन निर्णयावर नाही, बाजारभावावरही नाही. सभागृहाने स्वत: केलेल्या कायद्यावर आहे, आणि २०१६ साली दुरुस्ती करून ते दरमहा ५० हजार रुपये करण्यात आले. त्यावर आम्ही टीका करीत नाही. लोकप्रतिनिधीचे म्हातारपणही सुखाचे जावे. आमचे म्हणणे एवढेच की, आपल्या म्हातारपणासाठी ज्यांस कायद्याशिवाय दुसरे काही विश्वासार्ह वाटले नाही, त्यांनी शिपायास ठरावावर विश्वास ठेवावयास सांगू नये.

कोल्हापुराने हा प्रश्न उचलावा ह्यास आणखीही एक कारण आहे. जुन्या काळी गावची चाकरी वतनावर चाले. पाटील, कुलकर्णी, महार ह्यांचा मोबदला जमिनीत पुरलेला असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. वतन गेले, पगार आला. वतनात अन्याय पुष्कळ होता, वेठ होती, आणि ते गेले हे उत्तमच झाले. पण वतनदारास म्हातारपणाची धास्ती नव्हती, हेही खरे. पगारी नोकराच्या आयुष्यात ती धास्ती घालविण्याचे काम पेन्शनने केले. (गावच्या पोलीस पाटलाची स्थिती मात्र त्रिशंकूची झाली, वतन कायद्याने गेले, मानधन आले, पेन्शन काही आली नाही. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.) पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या काळच्या विलीनीकरणाच्या करारांत एक कलम असे की, संस्थानांनी अगोदर मंजूर केलेली निवृत्तिवेतने पुढेही चालू राहतील. राज्ये संपली, सिंहासने रिकामी झाली. तरी निवृत्त कारकुनाच्या व शिपायाच्या दरमहाच्या रकमेची तजवीज लेखी करून मगच सह्या झाल्या. एखादे सरकार स्वत: नाहीसे होतानाही जे वचन लेखी बांधून देत होते, ते आजच्या स्थिर सरकारास कायद्यात लिहिणे जड का जावे?

आज शिपायापुढे निकडीचा प्रश्न आहे तो पर्यायाचा. राष्ट्रीय योजना, राज्याची सुधारित योजना आणि एकीकृत योजना, ह्यांतून निवड करावयाची म्हणजे तीस वर्षांनंतरचा हिशेब आज मांडावयाचा. रोख रक्कम हाती किती येईल, दरमहा किती, आपल्यामागे बायकोस किती, नोकरी मध्येच सुटली तर काय, हे तीनही योजनांत निरनिराळे आहे. रोख रकमेचा मोह कोणास नसतो? मुलीचे लग्न, घराचा पाया, आणि उरलेले पैसे महिन्याला भरघोस परतावा देणाऱ्या एखाद्या झगमगीत कार्यालयात. ह्या मार्गाने निवृत्त माणसांची पुंजी कशी बुडाली ह्याच्या फिर्यादी आमच्या शहराने थोड्या पाहिल्या नाहीत, आणि त्या नोंदवून घेणारे हातही पोलिसांचेच होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या माणसाच्या हाती छापील नमुना देऊन सही कर म्हणणे म्हणजे निवड देणे नव्हे. कसबा बावड्याच्या रस्त्यावरील मुख्यालयात दर आठवड्यास निदान एक दिवस कोषागारातला जाणता अधिकारी बसवून, प्रत्येक शिपायास त्याच्या स्वत:च्या सेवेचा आकडा घालून तीनही हिशेब मराठीत मांडून द्यावेत; आणि ह्या वेळी त्याची बायको बरोबर असावी, कारण कुटुंबनिवृत्तिवेतनाची खरी धनी ती आहे. ह्याला कायदा लागत नाही, खर्चही फारसा लागत नाही. पोलीस अधीक्षकांनी मनावर घेतले तर महिन्याभरात सुरुवात होईल.

कायद्याचे काम मात्र आमदारांचे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात जेथे शिपाई सदैव कामावर आहे असे लिहिले आहे, तेथेच त्याच्या निवृत्तिवेतनाचे व कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण जोडावे. किमान दर, सरकारचा वार्षिक वाटा, तो वेळेवर जमा झाला की नाही ह्याचे दरसाल सभागृहापुढे ठेवावयाचे पत्रक, आणि शिपायांचे म्हणणे ऐकण्यासाठी संपाच्या हक्कावाचूनची का होईना पण निवडलेली प्रतिनिधी-समिती, एवढे त्यात यावे. राज्याच्या संचित निधीतून खर्च करावा लागणारे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीवाचून सभागृहास संमत करता येत नाही, असे घटनेचे २०७ वे कलम सांगते. म्हणून एखाद्या सदस्याचे अशासकीय विधेयक ह्या कामी पुरे पडणार नाही, सरकारनेच ते आणले पाहिजे. पण सरकारने ते आणावे असा आग्रह धरणे, प्रश्न विचारणे, लक्षवेधी मांडणे, ह्यास कोणाची शिफारस लागत नाही. चंदगडपासून शिरोळपर्यंत ह्या जिल्ह्याचे दहा सदस्य विधानसभेत बसतात. त्यांच्या सभांचा बंदोबस्त करणाऱ्या शिपायास त्यांच्याकडे शिष्टमंडळ नेता येत नाही. व्यापारी संघटनांस, वकिलांस आणि निवृत्त पोलिसांस ते नेता येते, आणि येत्या अधिवेशनापूर्वी त्यांनी ते न्यावे.